राजा वाळीत की राज्य वाळीत? बहिष्कार आणि इंटरडिक्ट

इंग्लंडच्या जॉन राजावर पोप इनोसंट तिसऱ्याने दोन हत्यारं उपसली. मार्च १२०८ मध्ये इंटरडिक्ट, म्हणजे धर्मसेवाबंदी, नोव्हेंबर १२०९ मध्ये बहिष्कार. भांडण एकच, पोप एकच, राजाही तोच. त्यामुळे 'पोपने जॉनला वाळीत टाकलं' एवढ्या एका वाक्यात दोन्ही गोष्टी उरकल्या जातात. पण पहिली शिक्षा जॉनला नव्हतीच. ती होती इंग्लंडच्या भूमीला, आणि भोगली ती तिथल्या रयतेने.

मध्ययुगात बहिष्कार माणसावर पडे. बहिष्कृताला मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नाही, कुठलाही संस्कार नाही, मेल्यावर चर्चची माती नाही. इतर ख्रिस्ती लोकांनी त्याच्याबरोबर जेवायचं नाही, उठबस ठेवायची नाही. गंभीर प्रकरणात याचा जाहीर विधीच असे: बिशप आणि १२ धर्मगुरू पेटत्या मेणबत्त्या घेऊन उभे राहत, शापवाणी उच्चारली जाई आणि मग त्या मेणबत्त्या जमिनीवर फेकून पायाखाली विझवल्या जात. इंटरडिक्ट पडे मुख्यतः जागेवर: गाव, शहर, अख्खं राज्य. तिथली माणसं चर्चची सभासदच राहत, फक्त चर्चची दारं बंद होत. (एखाद्या व्यक्तीवरचा इंटरडिक्टही कायद्यात होता, पण राजकारणात गाजला तो प्रदेशावरचा.)

सामान्य माणसाच्या बाबतीत बहिष्कार हा आत्म्याचा प्रश्न. राजाच्या बाबतीत तो सिंहासनाचा प्रश्न होऊ शकत होता, कारण सरदारांची निष्ठा शपथेवर उभी होती आणि शपथ देवाला साक्षी ठेवून घेतलेली. १०७६ च्या जानेवारीत जर्मनीच्या हेन्री चौथ्याने वर्म्सला बिशप जमवून 'ग्रेगरी सातवा हा पोपच नव्हे' असं ठरवून टाकलं. ग्रेगरीने फेब्रुवारीत उत्तर दिलं: हेन्रीला बहिष्कृत केलंच, शिवाय त्याची राजसत्ता काढून घेतली आणि प्रजेला त्याच्या शपथेतून मोकळं केलं. खरी मेख या शेवटच्या कलमात आहे. हेन्रीवर आधीच खार खाऊन असलेल्या जर्मन सरदारांना आयतं निमित्त मिळालं. त्यांनी मुदतच घातली: वर्षाच्या आत बहिष्कार उठला नाही, तर तू आमचा राजा नाहीस.

म्हणून भर हिवाळ्यात बायको आणि लहान मुलाला घेऊन हेन्री आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. सरदारांच्या सभेसाठी जर्मनीकडे निघालेला पोप तेव्हा टस्कनीच्या मॅटिल्डाच्या कानोसा किल्ल्यात थांबला होता. जानेवारी १०७७ च्या अखेरीस हेन्री तीन दिवस त्या दारात उभा राहिला: राजवस्त्रं उतरवलेली, अंगावर लोकरीचं साधं वस्त्र, पाय अनवाणी. आत मॅटिल्डा आणि क्लूनीचा मठाधिपती ह्यू, म्हणजे हेन्रीचा धर्मपिता, त्याच्यासाठी रदबदली करत होते. ग्रेगरीने नंतर जर्मन सरदारांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच सांगितलंय की, ही धर्माची कठोरता नसून जुलमी माणसाचं क्रौर्य आहे, असं तिथले काही जण म्हणू लागले होते.

कानोसाचं चित्र राजाच्या अपमानाचं म्हणून रंगवलं जातं. मला त्यात हेन्रीची चाल जास्त दिसते. दारात येऊन क्षमा मागणाऱ्याला धर्मगुरू कायमचा परत पाठवू शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तीन दिवसांची थंडी सोसून त्याने पोपच्या हातातलं शस्त्र काढून घेतलं. सरदारांनी तरीही मार्च १०७७ मध्ये आपल्यातल्याच रूडॉल्फला, स्वाबियाच्या ड्यूकला, राजा केलं, ग्रेगरीने १०८० मध्ये हेन्रीवर पुन्हा बहिष्कार टाकला. पण या खेपेस धार बोथट झाली होती. रूडॉल्फ त्याच वर्षी लढाईत पडला. १०८४ मध्ये हेन्रीने रोम घेतलं आणि पुढच्या वर्षी ग्रेगरी सालेर्नोत, रोमपासून लांब वारला.

इंटरडिक्टचं गणित वेगळं. इथे राजाचा पाठिंबा वरून तोडायचा नसतो, खालून ओरड उठवायची असते. जॉनचं भांडण कँटरबरीच्या आर्चबिशपपदावरून होतं. पोपने स्टीफन लँग्टनची निवड करून घेतली, जॉनने त्याला देशात पाऊल ठेवू दिलं नाही. मग १२०८ च्या वसंतात इंग्लंडभर चर्चमधल्या मिस्सा थांबल्या, घंटा मुक्या झाल्या. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्यांचा कबुलीजबाब एवढंच चालू राहिलं. प्रेतं गावाबाहेर नेऊन रस्त्यांकडेला, खंदकांत, प्रार्थनेविना पुरली जात होती, असं सेंट ऑल्बन्सच्या मठातल्या बखरकाराने नोंदवलंय.

ओरड मात्र उठली नाही, निदान राजा हलेल इतकी नाही. जॉनने उलट संधी साधली. सेवा बंद तर मिळकत कशाला, असं म्हणत त्याने चर्चच्या जमिनी आणि धान्याची कोठारं जप्त केली आणि पैसे भरणाऱ्यांनाच ती परत दिली. धर्मगुरूंनी ठेवलेल्या बायकाही पकडून नेल्या आणि दंड घेऊन सोडल्या! खजिना फुगला. याच काळात त्याने स्कॉटलंडच्या राजाला नमवलं, आयर्लंडवर स्वारी केली, वेल्सवर चाल केली. १२०९ चा बहिष्कारही त्याने सहज पचवला. तो वाकला १२१३ मध्ये, जेव्हा फ्रान्सचा फिलिप दुसरा आरमार जमवून बसला आणि स्वतःचे सरदार भरवशाचे उरले नाहीत. मे महिन्यात त्याने इंग्लंड आणि आयर्लंड पोपला अर्पण करून वर्षाला १,००० मार्क (तेव्हाचं पैशाचं एकक) खंडणीवर मांडलिक म्हणून परत घेतले.

दोन शिक्षा किती वेगळ्या होत्या, हे त्यांच्या सुटकेच्या तारखाच सांगतात. जॉनचा बहिष्कार जुलै १२१३ मध्ये विंचेस्टरला उठला. इंटरडिक्ट उठला जुलै १२१४ मध्ये. चर्चला किती भरपाई द्यायची याची घासाघीस चालू होती, म्हणून गुन्हेगार शुद्ध होऊनही देश आणखी वर्षभर वाळीतच.

मग इंटरडिक्ट चालायचा कुठे? जिथे चर्च बंद म्हणजे गल्ला बंद, तिथे. ११५५ मध्ये ब्रेशियाच्या आर्नोल्डच्या, म्हणजे चर्चच्या सत्ता-संपत्तीविरुद्ध उठलेल्या धर्मोपदेशकाच्या, माणसांनी एका कार्डिनलला जखमी केलं, तेव्हा पोप एड्रियन चौथ्याने थेट रोमवरच इंटरडिक्ट टाकला, तोही ईस्टरच्या तोंडावर. यात्रेकरूंवर पोट असलेलं शहर ते. पवित्र सप्ताहातच आर्नोल्डला हाकलून देण्यात आलं. फ्रान्समध्ये फिलिप दुसऱ्याने दुसरी राणी इंगेबोर्गला टाकून तिसरं लग्न केलं, म्हणून १२०० मध्ये राज्यावर इंटरडिक्ट आला. काही महिन्यांत त्याने इंगेबोर्गला परत घेतल्याचं दाखवलं. दाखवलं, एवढंच, तिची खरी सुटका व्हायला १२१३ उजाडलं.

दोन्ही शिक्षा समोरासमोर आल्या त्या जेरुसलेममध्ये. सम्राट फ्रेडरिक दुसरा १२२७ पासून बहिष्कृत होता. तशाच अवस्थेत तो क्रूसेडवर गेला आणि लढाई न करता, इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह करून त्याने जेरुसलेम मिळवलं. १८ मार्च १२२९ ला येशूच्या समाधीच्या चर्चमध्ये त्याने मुकुट घातला. लगेच दुसऱ्या दिवशी सीझरियाचा आर्चबिशप आला आणि त्या पवित्र शहरावरच इंटरडिक्ट घालून मोकळा झाला.

निरपराधांची आध्यात्मिक उपासमार करून भक्ती आटते आणि पाखंड वाढतं, हे चर्चलाही कळत गेलं. १२९८ मध्ये पोप बोनिफेस आठव्याने नियम सैल केले: इंटरडिक्टच्या काळातही बंद दाराआड, हळू आवाजात, घंटा न वाजवता मिस्सा चालेल. नाताळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट आणि मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण, हे चार दिवस दारं उघडायची, घंटाही वाजवायच्या. इंटरडिक्टखालच्या लोकांना आत घ्यायचं, फक्त ज्यांच्यापायी तो लागला त्यांनी वेदीजवळ जायचं नाही. बहिष्कृतांना त्या दिवशीही दार बंद.