आक्रमक परदेशी प्रजाती (पुणे परिसर)

माणसाच्या हातून मूळ प्रदेशाबाहेर आलेल्या, आपसूक पसरणाऱ्या आणि स्थानिक जीवसृष्टीला मागे रेटणाऱ्या वनस्पती-प्राण्यांना आक्रमक परदेशी प्रजाती म्हणतात. परदेशी म्हणजे आक्रमक असे मात्र नव्हे. मिरची आणि पेरूही मूळचे अमेरिकेतलेच. पुण्याच्या टेकड्या, माळराने, नदीपात्रे आणि तलावांत उपद्रवी ठरलेल्या बहुतेक वनस्पती उष्णकटिबंधीय अमेरिकेतल्या असून त्यांतल्या कित्येक हौसेने किंवा सरकारी योजनेतून लावल्या गेल्या.

गाजर गवताच्या (पार्थेनियम) भारतातील प्रसाराचा इतिहास पुण्यापासून सांगितला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये पुण्यातूनच त्याची नोंद प्रसिद्ध केली. ते पीएल-४८० या अमेरिकी अन्नसाहाय्य कायद्याखालच्या गव्हाबरोबर आले, असे सर्रास सांगतात. पण त्याखालचा भारताशी झालेला करार ऑगस्ट १९५६ चा आणि झाड त्याआधीच पुण्यात दिसले होते. तेव्हा त्यापूर्वीच्या धान्य-आयातीचा संशय अधिक सयुक्तिक वाटतो. रोपटे कोवळे असताना गाजरासारखी कापीव पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात. पुढे खोड वर येऊन बारीक पांढरी फुले लागतात आणि प्रत्येक फुलाच्या कडेला पाच टोके दिसतात. एका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून उपटायचे ते फुलावर येण्याआधी, पावसाने जमीन मऊ असताना, मुळासकट आणि हातमोजे घालून. त्याने अंगाला खाज सुटते, दमाही बळावतो. फुललेले झाड कापून तिथेच टाकणे म्हणजे बी पेरणेच. मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये भारतात सोडलेले भुंगे (झायगोग्रामा) त्याची पाने फस्त करतात, पण ते पावसाळ्यापुरतेच. एरवी ते मातीत दडून असतात. मोकळी झालेली जागा तरोट्याने व्यापली तर गाजर गवत दबते.

घाणेरी किंवा टणटणी ओळखायला सोपी : चौकोनी खोड, त्यावर वाकडे काटे, एकाच गुच्छात दोन रंगांची फुले आणि पान चुरगळले की उग्र वास. काळी फळे बुलबुल खातात आणि बी लांबवर नेतात. नुसती छाटल्यास ती आणखी दाट फुटते. म्हणून मुख्य मूळ जमिनीखाली काही बोटे तोडून अख्खे झुडूप उलटे ठेवतात, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढची काही वर्षे नवी रोपे शोधावी लागतात.

टेकड्यांवरचा खरा वाद गिरिपुष्पाचा, म्हणजे उंदीरमारीचा. वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी हिरवाई वाढावी म्हणून वनीकरणात ते लावले गेले. उन्हाळ्याच्या तोंडाला निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुले येतात, तेव्हा ते सुंदर दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच्या दाटीत कुसळी गवत, सालई, गणेर यांना जागा उरत नाही. ही टेकडी मुळात उघड्या गवताळ आणि विरळ झाडांच्या परिसंस्थेची. तिला उजाड समजणे हीच पहिली चूक होती. मात्र सगळे गिरिपुष्प एका दमात तोडले तर मोकळ्या जमिनीवर घाणेरी किंवा सुबाभूळ येते. तोडलेल्या बुंध्याला धुमारे फुटतात, ते सतत खुडावे लागतात. पट्ट्यापट्ट्याने काढून त्या जागी देशी रोपे आणि गवताचे बी देणे हे शहाणपणाचे, पण ते पाच-सात वर्षांचे काम असते. एका रविवारच्या श्रमदानात फोटो निघतो, टेकडी मोकळी होत नाही.

मुळा, मुठा, पवना आणि पाषाण-कात्रजच्या तलावांतली जलपर्णी दरवर्षी यंत्रांनी काढली जाते आणि दरवर्षी परत येते, कारण सांडपाण्यातले नत्र व स्फुरद तिला पोसतात. तेवढे पाणी शुद्ध झाल्याशिवाय ठेक्याचे पैसे वाहतच राहतील. काढलेला ढीग काठावरच सोडला तर पुराच्या पाण्याबरोबर तो पुन्हा प्रवाहात जातो.

पावसाळ्याच्या अखेरीस रस्त्याकडेला फुलणारा केशरी कॉसमॉस मेक्सिकोचा. त्याला सोनकी समजू नये : देशी सोनकी पिवळीधमक, फुले लहान. कॉसमॉसच्या बियांचे पाकीट डोंगरावर उधळू नये, एवढे तरी पर्यटकांनी पाळावे.

प्राण्यांत चिलापी (तिलापिया) उजनीच्या जलाशयात इतका रुजला आहे की मच्छीमारांची उपजीविका त्यावर चालते. तिथे निर्मूलनाचा विचारही व्यवहार्य नाही. उलट घरच्या काचपेटीतून पाण्यात सोडलेला सकरमाउथ मासा कोणालाच नको असतो. त्याचे काटे जाळ्यात अडकतात आणि तो बाजारात विकलाही जात नाही.