वामीच्या कपारीत उजेड पोचला तो असा

मोरे ईल ही आपल्या बाजारातल्या वामीची लांबची नातलग; इथे तिलाही वामच म्हणू. दिवसा ती खडकाच्या कपारीत बसून असते, डोकं तेवढं बाहेर. तिचा आ वासलेला फोटो आज हौशी पाणबुड्यांच्या अल्बममध्ये हमखास असतो. पण त्या कपारीत उजेड न्यायचा कसा, यातच आधीच्या पिढ्यांचा जीव मेटाकुटीला आला.

१८५६ साली इंग्लंडमध्ये वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्पसन यांनी पेटीत घातलेला कॅमेरा दांड्याला बांधून खाली सोडला. पेटीत पाणी शिरलं, तरी कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटवर अंधूक काहीतरी उमटलं. स्वतः कॅमेरा घेऊन पाण्यात उतरले ते फ्रान्सचे लुई बुताँ. १८९३ मध्ये बान्युल्सच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी कामाला सुरुवात केली. कधीकधी एका फोटोला अर्धा तास लागे. तेवढ्यात मासा थांबतोय थोडाच! मग त्यांनी २०० लिटरचं पिंप घेतलं, त्यावर काचेच्या घुमटाखाली स्पिरिटचा दिवा पेटवला आणि रबरी फुग्याने ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकायला सुरुवात केली. लखकन उजेड! हे धूड समुद्रात उतरवायचं म्हणजे फोटोग्राफीपेक्षा हमालीच जास्त.

रंगांचं दुखणं वेगळंच होतं. पाणी आधी तांबडा रंग गिळतं, त्यामुळे खोलवर सगळंच निळं-करडं दिसतं. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगासला विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी तराफ्यावर मॅग्नेशियम पेटवून हॉगफिश माशाचा रंगीत फोटो काढला. त्या खटाटोपात एकदा अवेळीच भडका उडाला आणि लाँगली चांगलेच भाजले.

१९४३ चं अ‍ॅक्वालंग (पाठीवरच्या टाकीतून पाण्याखाली श्वास घेऊ देणारं उपकरण) आणि १९६३ चा निकोनॉस (वेगळ्या पेटीशिवाय पाण्यात नेता येणारा) कॅमेरा आल्यावर पाणबुड्याचे हात मोकळे झाले. त्याला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची जोड मिळाली, आणि वाम ऐन कपारीत, खऱ्या रंगांत टिपता येऊ लागली.

फोटोत ती अंगावर येतेय असं वाटतं. खरं तर ती श्वास घेत असते. तोंड उघडझाप करून कल्ल्यांवरून पाणी खेळवते. तिच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते आणि ती पुढे झेपावून भक्ष्य आत ओढते, हे मात्र २००७ मध्ये प्रयोगशाळेतल्या अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं.