कम्युनिटी कॉलेजातील क्ष-किरण तंत्रज्ञ प्रशिक्षण (अमेरिका)

रुग्णालयात क्ष-किरण प्रतिमा घेणारा तंत्रज्ञ घडवण्याचा, अमेरिकेत सर्वाधिक रुळलेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्याच्या शेवटी ‘असोसिएट’ ही बॅचलरच्या खालची, दोन वर्षांची पदवी मिळते आणि राष्ट्रीय नोंदणी परीक्षेला बसता येते. कागदोपत्री हे महाविद्यालयीन शिक्षण असले तरी घडण उमेदवारीची आहे. प्रवेश किती जणांना द्यायचा, विद्यार्थ्याने एकट्याने काय करायचे आणि काय नाही, हे बरेचसे रुग्णालयातील क्ष-किरण खोलीच ठरवते.

व्हिल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले आणि काही महिन्यांतच ते रुग्णालयांत पोचले. यंत्र चालवणारा मात्र कोणीही असे. छायाचित्रकार, परिचारिका, वीजकामगार, ज्याला जमेल तो. एड जर्मन यांनी ही स्थिती बदलायला घेतली. ते क्ष-किरण यंत्रे बनवणाऱ्या व्हिक्टर कंपनीच्या शिक्षण विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये शिकागोत तंत्रज्ञांची पहिली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९२२ मध्ये नोंदणी मंडळ आले, तेच आजचे एआरआरटी. सिस्टर मेरी बिअॅट्रिस मेरिगन ही कॅथलिक जोगीण पहिली नोंदणीकृत तंत्रज्ञ ठरली. त्या काळी अनेक रुग्णालये अशा भगिनींच्याच हाती होती, हे लक्षात घेतले तर त्यात नवल वाटत नाही.

पुढची कित्येक दशके हे शिक्षण रुग्णालयांच्या स्वतःच्या शाळांत होत असे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळे. दरम्यान कम्युनिटी कॉलेजांचे, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांचे, जाळे पसरले. असे पहिले सार्वजनिक कॉलेज इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ मध्ये निघाले होते. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने १९४७ मध्ये घराजवळच्या, स्वस्त, दोन वर्षांच्या कॉलेजांचा जोरदार पुरस्कार केला. शरीररचनाशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र हे विषय तिथे आधीपासून शिकवले जातच होते, त्यामुळे क्ष-किरण शिक्षणही हळूहळू तिकडे सरकले. १ जानेवारी २०१५ पासून एआरआरटीने नव्या उमेदवारांना किमान असोसिएट पदवी सक्तीची केली, तेव्हा उरलेल्या रुग्णालयीन शाळांनाही कॉलेजांशी हातमिळवणी करावी लागली.

प्रवेश

कम्युनिटी कॉलेजात प्रवेश सर्वांना खुला असतो, या अभ्यासक्रमाला मात्र नसतो. शरीररचना व शरीरक्रिया, बीजगणित, इंग्रजी लेखन, वैद्यकीय परिभाषा असे विषय आधी उत्तीर्ण व्हावे लागतात. त्यातच एखादे वर्ष सहज जाते. म्हणून ‘दोन वर्षांचा’ हा अभ्यासक्रम प्रत्यक्षात अनेकांना तीन वर्षांचा पडतो. कॉलेजांच्या माहितीपत्रकांत ही गोष्ट ठळक अक्षरांत क्वचितच सापडते. नंतर गुणांवर निवड होते, काही ठिकाणी प्रतीक्षायादी असते. पार्श्वभूमी तपासणी, अमली पदार्थ चाचणी आणि लसीकरणाचे दाखले रुग्णालये मागतात.

जागा कमी असण्याचे कारण वर्गखोली नव्हे. अभ्यासक्रमांना मान्यता देणारे जेआरसीईआरटी हे मंडळ (स्थापना १९६९) रुग्णालयात एका विद्यार्थ्यामागे एक पात्र तंत्रज्ञ हवा, असा दंडक घालते. परिसरातल्या रुग्णालयांत दिवसपाळीला जितके तंत्रज्ञ, त्याच्या आतच विद्यार्थी. कॉलेजाने नवी प्रयोगशाळा बांधली, तरी रुग्णालयाने जागा दिल्याशिवाय तुकडी वाढत नाही.

काय शिकवतात

पहिल्या सत्रापासून वर्ग, प्रयोगशाळा आणि रुग्णालय हे तिन्ही एकत्र चालतात. प्रयोगशाळेतील नळी खरोखर किरण सोडते, पण समोर हाडांचा सांगाडा बसवलेला प्लास्टिकचा पुतळा असतो. विद्यार्थी एकमेकांवर शरीरस्थितीचा सराव करतात तो किरण न सोडता. सरावासाठी माणसावर किरण सोडणे निषिद्ध आहे.

शरीरस्थिती हा या शिक्षणाचा गाभा आहे. छातीची साधी प्रतिमा घ्या. रुग्ण पाठ नळीकडे आणि छाती ग्राहकाकडे (प्रतिमा टिपणाऱ्या पाटीकडे) करून उभा राहतो, कारण हृदय पुढच्या बाजूला असते आणि ग्राहकाजवळ असले की कमी फुगलेले दिसते. नळीचे अंतर नेहमीच्या १०० सेंटिमीटरऐवजी १८० ठेवतात, तेही त्याचसाठी. खांदे पुढे झुकवले की खांद्याची फरे फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. हनुवटी वर. श्वास दुसऱ्यांदा खोल घ्यायला लावून मग किरण सोडतात, कारण दुसऱ्या वेळी फुप्फुसे अधिक भरतात. प्रतिमेत श्वासपटलाच्या वर मागच्या दहा बरगड्या मोजता आल्या तर श्वास पुरेसा होता.

कोपराची बाजूची प्रतिमा याहून अवघड. कोपर ९० अंशांत वाकवून खांदा, कोपर आणि मनगट एका पातळीत आणावे लागतात. सांध्याच्या मागच्या बाजूला चरबीचा एक लहानसा थर असतो, तो एरवी दिसत नाही. सांध्यात रक्त साचले की तो बाहेर ढकलला जातो आणि हाडाची चीर दिसत नसली तरी मोडल्याचा संशय येतो. हात सरळ ठेवून प्रतिमा घेतली, तर काहीही मोडलेले नसताना तोच थर दिसू शकतो. म्हणजे तंत्रज्ञाची चूक डॉक्टरांना खोटा पुरावा देते. आता ज्याचा हात खरोखर मोडला आहे, अशा सात वर्षांच्या रडणाऱ्या मुलाकडून हे करून घ्यायचे असते. पुस्तकातील कोनांचा आणि खोलीतील माणसाचा मेळ बसवणे रुग्णालयातच शिकता येते.

दुसरा विषय किरणांच्या मात्रेचा. किलोव्होल्ट वाढवले की किरणांची भेदकता वाढते, मिलिअँपिअर-सेकंद वाढवले की त्यांची संख्या. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाईवर येते. फिल्मच्या जमान्यात जास्त मात्रा दिली की फिल्म काळी पडे, चूक लगेच उघडी पडे. डिजिटल ग्राहकावर तसे होत नाही. मात्रा कमी पडली तर प्रतिमा दाणेदार दिसते, जास्त झाली तर उलट अधिक सुबक दिसते. त्यामुळे हात सैल सुटून रुग्णांना गरजेपेक्षा जास्त किरण मिळू लागतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रतिमेसोबत येणारा मात्रानिर्देशांक वाचायची सवय लावतात. डार्करूम मात्र अभ्यासक्रमातून जवळपास गेली. फिल्मवरच्या तपासण्यांचे मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना) देयक २०१७ पासून २० टक्के कापले जाऊ लागले, तेव्हा उरलीसुरली रुग्णालयेही डिजिटलकडे वळली.

जननेंद्रियांवर शिशाचे आवरण ठेवायची सवयही अशीच मागे पडली. अनेक पिढ्यांना ती हटकून शिकवली गेली होती. २०१९ मध्ये अमेरिकी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ती थांबवण्याची भूमिका घेतली. आवरणाचा फायदा नगण्य आहे, ते सरकले तर प्रतिमा पुन्हा घ्यावी लागते आणि स्वयंचलित मात्रानियंत्रकावर आले तर मात्रा उलट वाढते, असा त्यांचा युक्तिवाद. नव्या विद्यार्थ्यांना आता आवरण ठेवण्याऐवजी ते का ठेवले नाही, हे रुग्णाला समजावून सांगायला शिकावे लागते. ते काम जास्त कठीण आहे.

‘कॉम्प’ आणि देखरेख

रुग्णालयातली प्रगती ‘कॉम्प’मध्ये (कॉम्पिटन्सी, म्हणजे सक्षमता) मोजतात. एखादी तपासणी विद्यार्थ्याने आधी पाहायची, मग मदतीने करायची आणि शेवटी तंत्रज्ञासमोर संपूर्ण स्वतः करून दाखवायची, की त्या तपासणीचा कॉम्प झाला. एआरआरटीच्या २०२२ च्या यादीत ३६ तपासण्या सक्तीच्या आहेत आणि ३४ वैकल्पिकांपैकी १५ कराव्या लागतात. रक्तदाब व नाडी घेणे, शिरेत सुई घालणे, रुग्णाला खाटेवरून हलवणे, निर्जंतुक पद्धती अशी रुग्णसेवेची दहा कौशल्ये निराळी. छाती आणि हाताचे कॉम्प पहिल्या महिन्यांतच होतात. क्वचित येणाऱ्या तपासणीसाठी मात्र विद्यार्थी शेवटच्या सत्रापर्यंत ताटकळतात, पाळी बदलून घेतात. काही तपासण्या पुतळ्यावर करून दाखवण्याची मुभा आहे.

कॉम्प होईपर्यंत तंत्रज्ञ खोलीत हजर हवा, नंतर तो हाकेच्या अंतरावर असला तरी चालते. एका बाबतीत सूट कधीच नाही. प्रतिमा बिघडली आणि पुन्हा घ्यायची असेल, तर शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यानेही पात्र तंत्रज्ञाला शेजारी उभे करायचे. दुसऱ्या वेळचे किरण रुग्णाने विद्यार्थ्याच्या चुकीपायी सोसलेले असतात. या क्षेत्रातला सर्वांत शहाणा नियम हाच म्हणावा लागेल. प्रत्येक प्रतिमेवर डावे-उजवे दाखवणारी शिशाची खूण लागते आणि तिच्यावर विद्यार्थ्याची आद्याक्षरे असतात, त्यामुळे चूक कोणाची हा प्रश्न उरत नाही.

विद्यार्थ्याच्या सुरक्षिततेसाठी छातीवर मात्रामापक बिल्ला असतो. किरण सोडताना ग्राहक हाताने धरायला त्याला मनाई आहे. अमेरिकेत किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी मात्रेची वार्षिक मर्यादा ५० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचे एकक) आहे. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने ती पाच वर्षांच्या सरासरीने २० आणि कुठल्याही एका वर्षी ३० ठेवली आहे, म्हणजे भारताचा नियम अधिक कडक. गरोदर विद्यार्थिनीने ते लेखी कळवायचे की नाही, हे तिच्यावर सोपवलेले असते. तिने कळवल्यास गर्भासाठी वेगळी मर्यादा लागू होते, संपूर्ण काळात ५ मिलिसिव्हर्ट.

वर्ग आणि रुग्णालय मिळून आठवड्याला ४० तासांपर्यंत जातात. रुग्णालयातले तास बहुधा बिनपगारी असतात आणि त्यांची फी कॉलेजात भरावी लागते. त्यात नोकरी सांभाळणे जवळपास अशक्य. ज्या कष्टकरी वर्गासाठी ही कॉलेजे निघाली, त्याच वर्गाला हे सर्वांत जड जाते.

परीक्षा आणि पुढे

नोंदणी परीक्षा संगणकावर होते. गुण धरले जाणारे प्रश्न २००, उत्तीर्ण होण्यासाठी ७५ हा प्रमाणित गुणांक, तीन वर्षांत तीन संधी. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना आपले उत्तीर्णतेचे आणि नोकरी मिळाल्याचे प्रमाण जाहीर करावे लागते. कॉलेज निवडताना पाहायचे ते हेच आकडे. परवाना राज्यांच्या अखत्यारीत आहे आणि त्यांचे नियम एकसारखे नाहीत. १९८१ च्या केंद्रीय कायद्याने मानके आखली, पण ती पाळणे राज्यांच्या मर्जीवर सोडले. नोंदणी टिकवण्यासाठी दर दोन वर्षांना २४ शिक्षणगुण लागतात. बरेच जण पुढे सीटी, एमआरआय किंवा मॅमोग्राफीचे प्रमाणपत्र घेतात, कारण पगार तिथे वाढतो.

परदेशी शिक्षण या चौकटीत आपोआप बसत नाही. मूळ अभ्यासक्रमाला एआरआरटी मानते अशा मंडळाची मान्यता असावी लागते. त्यामुळे पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षे काम केलेल्या तंत्रज्ञालाही अमेरिकेत गेल्यावर पुन्हा याच कॉलेजांच्या रांगेत उभे राहण्याची वेळ येऊ शकते.