स्प्रेडशीटमधले प्रिंट सेटिंग मॅक्रो

कागद आडवा की उभा, मार्जिन किती, कुठून कुठपर्यंत छापायचं, हेडिंगची ओळ प्रत्येक पानावर हवी का, ही सगळी जुळवाजुळव हाताने न करता छोट्या प्रोग्रॅमकडून करून घेणं म्हणजे प्रिंट सेटिंगचे मॅक्रो. एक्सेलमध्ये ते व्हीबीएत लिहितात, ही भाषा १९९३ च्या एक्सेल ५ पासून आहे.

एक गोष्ट आधीच कळली तर पुढचा बराच घोळ वाचतो. एक्सेलमध्ये ही सेटिंग प्रत्येक शीटपाशी वेगळी सेव्ह होतात, आणि मॅक्रो फक्त ती लावून देतो. म्हणजे बारा शीट असतील तर लूप लावून (तेच काम एकामागून एक शीटवर करून) बाराही शीटच्या 'पेजसेटअप'ला, म्हणजे छपाईच्या सेटिंगच्या गटाला, हात लावावा लागतो, पण एकदा लावली की मॅक्रो काढून टाकला तरी सेटिंग तशीच राहतात. म्हणूनच मॅक्रो आपल्या पर्सनल वर्कबुकमध्ये (एक्सेलबरोबर आपोआप उघडणाऱ्या आपल्या लपलेल्या फाईलमध्ये) ठेवायचा, समोरच्याची फाईल उघडून चालवायचा आणि साधी एक्सएलएसएक्स, म्हणजे मॅक्रो नसलेली फाईल, पाठवून द्यायची, हे सगळ्यात सोयीचं. २०२२ पासून ऑफिस इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो मुळातच अडवतं, त्यामुळे मॅक्रोसकट फाईल पाठवली तर समोरच्याकडे ती नुसती लाल पट्टी दाखवत बसते.

सुरुवात बहुतेक जण मॅक्रो रेकॉर्ड करून करतात, काही वाईट नाही त्यात, फक्त तुम्ही नुसता पेज सेटअपचा डायलॉग उघडून कागद आडवा केलात तरी रेकॉर्डर हेडर, फूटर, मार्जिन, प्रिंट क्वालिटी असं सगळंच लिहून ठेवतो. तोच मॅक्रो दुसऱ्या शीटवर चालवला की तिथलं आधीचं हेडर पुसलं जातं, आणि कंट्रोल झेड दाबून ते परत येत नाही. शिवाय प्रत्येक ओळीमागे एक्सेल प्रिंटर ड्रायव्हरशी (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी) बोलतं म्हणून स्पीड मार खातो. जी सेटिंग बदलायचीच नाहीत त्या ओळी सरळ उडवाव्यात. एक्सेल २०१० पासून 'प्रिंटकम्युनिकेशन' नावाचं सेटिंग आहे, मॅक्रोच्या सुरुवातीला ते फॉल्स (बंद) करायचं आणि शेवटी ट्रू (चालू), मग सगळं एकदम ड्रायव्हरकडे जातं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते 'एका पानाच्या रुंदीत बसव' इथे. 'फिटटुपेजेसवाइड' (रुंदीत किती पानं) १ केलं तरी काहीच होत नाही, कारण 'झूम'मध्ये टक्के असले की एक्सेल फिटकडे बघतच नाही. आधी झूम फॉल्स करावं लागतं. आणि 'फिटटुपेजेसटॉल' (उंचीत किती पानं) हेसुद्धा फॉल्स करायचं, नाहीतर तिथे १ राहिला तर तीनशे ओळी एकाच पानात कोंबल्या जातात आणि अक्षरं मुंगीएवढी होतात.

प्रिंट एरिया, म्हणजे शीटचा छापायचा भाग, त्यातही लोक असेच अडकतात. मधे ओळ घातली तर एरिया आपोआप वाढतो, पण शेवटच्या ओळीखाली नवीन एन्ट्री टाकली की ती छापतच नाही, आणि हे कळतं ते प्रिंट हातात आल्यावर. म्हणून मॅक्रोत सेलचा पत्ता ठोकून न ठेवता आधी शेवटची भरलेली ओळ शोधून त्यावरून पत्ता बनवतात. मार्जिन पॉइंटमध्ये द्यायचं असतं, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. सेंटिमीटरची सवय असेल तर बदलून देणारं फंक्शन आहे.

फूटरमध्ये & आणि पुढे पी म्हणजे पान नंबर, & आणि एन म्हणजे एकूण पानं. त्यामुळे खरंच & छापायचं असेल तर ते दोनदा लिहावं लागतं.

प्रिंटची कमांड दिली की आपोआप चालावं असं हवं असेल तर 'बिफोरप्रिंट' इव्हेंट आहे, म्हणजे छापण्याआधी एक्सेल स्वतःच चालवतं तो कोड. तो 'धिसवर्कबुक'मध्येच (त्या फाईलच्या स्वतःच्या कोडच्या जागेत) लिहायचा, साध्या मॉड्यूलमध्ये टाकला तर एरर पण येत नाही आणि चालत पण नाही.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये प्रकरण वेगळं आहे, तिथे आडवा-उभा, मार्जिन वगैरे पेज स्टाइलमध्ये असतं आणि एकच स्टाइल अनेक शीटना लागलेली असू शकते, म्हणजे एका शीटसाठी केलेला बदल बाकीच्यांवरही जातो. शिवाय मॅक्रोतून पान आडवं करताना रुंदी आणि उंचीची अदलाबदल आपणच करायची.

दोन्ही बाजूंनी छापायचं सेटिंग मात्र एक्सेलच्या पेजसेटअपमध्ये नाहीच, ते प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये जाऊन करावं लागतं.