सही सरकारची, पण सरकारने न वाचलेली

"नावाची पहिली चार अक्षरं सांगा, इंग्लिशमध्ये. आणि जन्मसाल." झेरॉक्सवाला ओरडून विचारत होता, कारण मागे मशिन घरघरत होतं आणि काउंटरला आम्ही पाच जण चिकटून उभे होतो. मी सांगितलं, फाइल उघडली. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड असाच ठरलेला असतो: नावाची चार अक्षरं आणि चार आकडी जन्मसाल. ज्याला तुमचं नाव ठाऊक आहे त्याला फार तर शंभर प्रयत्न पुरतात. तिथे तर बाकीच्या चौघांना तेवढेही लागणार नव्हते.

कोथरूडमधला छोटा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. अकरा महिन्यांचा करार, आणि एजंटला माझ्या आधारची झेरॉक्स हवी होती. स्क्रीनवर 'डाउनलोड्स'चा फोल्डर उघडाच होता. माझ्या फाइलच्या वर आणि खाली तशाच फायली. दुकानदाराने माउसचं चाक फिरवलं तरी संपेनात. माझी डिलीट करा म्हटलं, त्याने केली. रिसायकल बिनमधूनही काढा म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेची सवय पुण्यातल्या गिऱ्हाइकांना असते.

हे आठवायचं कारण आमच्या सोसायटीचा कट्टा. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली, तेव्हापासून कट्ट्यावर एक मत पक्कं झालंय: आपल्याकडेही प्रत्येक खातं आधारला जोडून टाका, म्हणजे मुलंही आवरतील आणि शिवीगाळ करणारेही. यावर कुणी कुरकुर केलीच तर उत्तर तयार असतं, "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?"

मला या बोलण्यात एक गणिती चूक दिसते. 'तू कोण?' हा एक प्रश्न आणि 'तुझं वय सोळाच्या वर आहे का?' हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही', एवढंच. तरी ते द्यायला आपण नाव, पत्ता, फोटो, जन्मतारीख सगळं समोर ठेवतो, कारण याशिवाय मार्गच नाही असं आपण धरून चाललोय. मार्ग आहे. तो १९८२ साली सापडला, आणि शाळेतला गुणाकार-भागाकार येत असेल तर कागद-पेन घेऊन करून पाहता येतो. तो सांगायचा म्हणूनच हा लेख.

आधी थोडं आधारबद्दल. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. क्रमांक बारा आकडी, पण खऱ्या अर्थाने अकराच. शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, याकोबस व्हरहॉफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर चूक लगेच पकडली जाते. गाडीच्या नंबराची बेरीज करून 'लाभतो की नाही' बघणाऱ्यांनी आधारची बेरीज करायच्या भानगडीत पडू नये. त्यातला शेवटचा आकडा नशिबाने नव्हे, कोष्टकाने आलेला असतो.

कार्डावरच्या क्यूआर कोडकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. त्यात तुमचा तपशील आणि छोटा फोटो असतो, आणि त्या सगळ्यावर आधार देणाऱ्या प्राधिकरणाची, म्हणजे यूआयडीएआयची, डिजिटल सही असते. ती खरी की खोटी हे इंटरनेटशिवाय, दिल्लीतल्या कुठल्याही सर्व्हरला न विचारता तपासता येतं. झेरॉक्सवरून यातलं काहीच सिद्ध होत नाही. फोटो बदलून रंगीत प्रिंट काढणं दहावीतल्या मुलालाही जमतं. म्हणजे झेरॉक्स पुरावा म्हणून शून्य आणि माहितीची गळती म्हणून शंभर टक्के. प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने मे २०२२ मध्ये 'कुणालाही झेरॉक्स देऊ नका' असं पत्रक काढलं होतं. गदारोळ झाला आणि दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. माझ्या मते पत्रक बरोबर होतं, मागे घेणं चूक.

आता सही. डिजिटल सही म्हणजे बोटाने स्क्रीनवर गिरवलेली सही नव्हे. ती एक संख्या असते. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये शोधलेली रीत लहान आकड्यांत पाहू.

सरकार दोन मूळ संख्या घेतं, ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३. हा ३३ आणि सोबत एक घातांक ३, दोन्ही जाहीर केले जातात. आता ३ आणि ११ मधून एक-एक वजा करून गुणा: २ × १० = २०. जिला जाहीर घातांकाने, म्हणजे ३ ने, गुणलं की २० पेक्षा एक जास्त येतो अशी संख्या शोधा: ७, कारण ३ × ७ = २१. हा ७ सरकारने तिजोरीत ठेवायचा.

चिठ्ठीवर २ हा आकडा आहे आणि सरकारला त्यावर सही करायची आहे. २ चा सातवा घात १२८, त्याला ३३ ने भागून बाकी २९. सही झाली: २९. तपासणाऱ्याने २९ चा जाहीर घात करायचा, म्हणजे २९ × २९ × २९ = २४३८९, ३३ ने भागून बाकी २. चिठ्ठीवरचा आकडा परत आला, म्हणजे सही अस्सल. गुप्त ७ माहीत नसताना २९ काढायचा तर ३३ चे अवयव पाडावे लागतात. ३३ चे कुणीही पाडेल. आधारच्या क्यूआरसाठी वापरतात त्या २०४८ बिटांच्या संख्येत ६१७ आकडे असतात, आणि तिचे अवयव पाडणं आज कुणालाच जमलेलं नाही. ज्यांना 'मिलिटरी ग्रेड' सुरक्षेच्या जाहिराती भुरळ घालतात त्यांनी लक्षात ठेवावं की सगळी ताकद या एका अवयव पाडण्यात आहे. लष्कराचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मग क्यूआर स्कॅन केला की झालं? नाही. एक तर त्यातून सगळा तपशील एकदमच बाहेर येतो. आता प्राधिकरणाच्या नव्या ॲपमध्ये हवी तेवढीच माहिती दाखवायची सोय आली आहे, ते चांगलंच. पण दुसरी अडचण जास्त खोल आहे. सही ही स्वतःच एक न बदलणारी संख्या. लॉजवाल्याकडे २९, सिमकार्डवाल्याकडे २९, एखाद्या मानसोपचाराच्या संकेतस्थळावरही २९. नाव झाकलंत तरी तिघांनी वह्या जुळवल्या की माणूस एकच आहे हे उघड होतं. आणि सही करणाऱ्याने '२९ कुणाला दिली' याची नोंद ठेवली असेल तर तो माणूस कोण हेही.

इथे डेव्हिड चॉम येतात. १९८२ मध्ये या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने विचारलं: सही करणाऱ्याने चिठ्ठी न वाचताच सही केली तर? त्यांचाच दृष्टांत आहे: चिठ्ठी आतून कार्बन लावलेल्या पाकिटात बंद करा. साहेब पाकिटावर सही करतील, कार्बनमुळे ती आतल्या चिठ्ठीवर उमटेल. घरी येऊन पाकीट फाडून टाका. चिठ्ठीवर साहेबांची अस्सल सही, आणि साहेबांनी चिठ्ठी कधी पाहिलेलीच नाही.

पुन्हा आकडे घेऊ. माझ्या फोनने मनाने एक आकडा निवडला, २. ही चिठ्ठी. आणखी एक आकडा निवडला, ५. हे पाकीट. ५ चा घन १२५. २ × १२५ = २५०, ३३ ने भागून बाकी १९. सरकारकडे फक्त हा १९ जातो. सरकार माझी ओळख नीट तपासतं, अगदी अंगठा घेऊन. वय सोळाच्या वर आहे याची खात्री करतं आणि १९ वर सही करतं: १९ चा सातवा घात, ३३ ने भागून बाकी १३. तो १३ माझ्या फोनवर येतो. आता पाकीट फाडायचं. ज्याला ५ ने गुणून ३३ ने भागल्यावर बाकी १३ उरते असा आकडा कोणता? २९. कारण २९ × ५ = १४५, त्यातून १३२ गेले, उरले १३.

आला की नाही तोच २९? सरकारने २ कधी पाहिला नाही, २९ कधी पाहिला नाही, तरी २ वर सरकारची सही आहे.

आता मी संकेतस्थळाला २ आणि २९ दाखवतो. ते घन करून बघतं, पटतं, आत सोडतं. पुढच्या वेळी माझा फोन नवी चिठ्ठी काढतो, म्हणजे दोन संकेतस्थळांनाही वह्या जुळवता येत नाहीत. आणि समजा संकेतस्थळ आणि सरकार यांनीच संगनमत केलं. सरकारच्या वहीत माझ्या नावापुढे १९ आणि १३, संकेतस्थळाच्या वहीत २ आणि २९. जुळवून दाखवा! नाही जमणार, कारण चिठ्ठीवर ७ आणि पाकीट ४ असतं तरी सरकारकडे १९च गेला असता (७ × ६४ = ४४८, ४२९ गेले, उरले १९). १९ च्या आत कुठलीही चिठ्ठी असू शकते, सगळ्या सारख्याच शक्य. उद्या क्वांटम संगणक आला तर तो ६१७ आकड्यांचे अवयव पाडेल आणि खोट्या सह्या करेल, पण जुनं पाकीट त्यालाही उघडता येणार नाही. त्याच्यासमोर अवघड कोडं नसतंच, मुळात माहितीच नसते. चाळीस वर्षांनंतरही मला हे वाचून अंगावर काटा येतो.

काही जण म्हणतील, मग सरकारने न वाचता 'हा माणूस डॉक्टर आहे' यावरही सही केली तर? म्हणून प्रत्येक दाव्याला किल्ली, म्हणजे सहीच्या जाहीर आणि गुप्त संख्या, वेगळी. सोळा वर्षांच्या किल्लीने झालेली सही फक्त सोळा वर्षांचीच. पण नेमकी इथेच एक मेख आहे. सरकारने उद्या तुम्हाला ३३ आणि मला ५५ अशा वेगवेगळ्या जाहीर संख्या दिल्या तर सहीवरूनच माणूस ओळखू येईल, आणि पाकिटाला काही अर्थ उरणार नाही. तेव्हा जाहीर किल्ली सगळ्यांना एकच दिसते आहे ना, हे कुणीतरी बाहेरून सतत तपासत राहायला हवं. ते काम गणित करत नाही. दुसरं, मोठा भाऊ आपली चिठ्ठी धाकट्याला देऊ शकतो. हे टाळायचे उपाय आहेत, पण प्रत्येक उपाय थोडी गोपनीयता खातो.

ही रीत कागदावरच राहिलेली नाही. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या जोडीने काम करणाऱ्या आयआरटीएफ या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये तिची तपशीलवार पद्धत प्रसिद्ध केली. सरकारी ओळखपत्रांत मात्र ती अजून रुळलेली नाही, आणि कारण गणिताचं नाही. नोंद ठेवू नये असं कुठल्या खात्याला वाटेल? आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्या वर्षी आधारच्या निकालात, प्रमाणीकरणाच्या नोंदी सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका असंही न्यायालयाने बजावलं. न्यायालय नोंदी पुसायला सांगतं, चॉमची रीत त्या तयारच होऊ देत नाही. मला दुसरं जास्त विश्वासाचं वाटतं.

अर्थात गणित अचूक असलं तरी चिप माणूसच बनवतो. डिजिटल ओळखपत्राचं उदाहरण म्हणून ज्याचं नाव नेहमी घेतात त्या एस्टोनियात २०१७ मध्ये साडेसात लाखांच्या आसपास कार्डं धोक्यात आली. चिपमधली आज्ञावली मूळ संख्या निवडताना घाई करायची, त्यांना एक ठरावीक घडण यायची, आणि त्यामुळे अवयव पाडणं सोपं होत होतं. चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठातल्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. एस्टोनियाने प्रकरण न दडपता कार्डांची प्रमाणपत्रं थांबवली आणि नवी दिली.

आणि या सगळ्यात सही एकाच दिशेने का? आपण दिवसातून तीनदा आपण कोण ते सिद्ध करतो. पण व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' म्हणणारा माणूस खरा पोलीस आहे का, हे तपासायचं बटण आपल्या फोनवर नाही. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही, तरी त्या धाकाने लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालवली. चाळीस वर्षं जुनं गणित या बाजूनेही चालतं.

भाडेकराराच्या दिवशी एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि थंब मशिन घेऊन घरी आला. भाडेकरूचा अंगठा झाला, माझा चौथ्या प्रयत्नात लागला. खडूने झिजलेले ठसे आहेत हे. सरकारी सर्व्हरने दोघांची ओळख पटवली, स्क्रीनवर हिरवी खूण आली. मग त्याने पिशवीतून फोल्डर काढला.

"सर, ती झेरॉक्स?"

"आत्ता अंगठ्याने ओळख पटली ना?"

"पटली ना सर. पण फाइलला लावायला लागते. आणि त्यावर सही करा, आडवी."