पत्त्यातली वाडी, यादीतली जागा

गुहागर-वेळणेश्वर पट्ट्यात सुट्टीत राहायला घर शोधलं की ॲप एक यादी पुढे करतं. पहिली दोन-तीन घरं आपण निरखून बघतो, दहाव्यापर्यंत थोडेच पोचतात. हे ओसरत जाणारं लक्ष मोजायला संशोधक एक ढोबळ सूत्र वापरतात: पहिल्या जागेचं वजन १, दुसरीचं ०.६३, तिसरीचं ०.५, दहावीचं जेमतेम ०.२९. समजा, एका घराला ४.६ गुण आणि दुसऱ्याला ४.५. गुणांतला फरक नावापुरता, पण खालच्या घराला लक्ष ३७ टक्क्यांनी कमी. जत्रेत देवळाच्या वाटेवरच्या आणि मागच्या अंगाच्या दुकानांचं असंच होतं. शिवाय इथे वरच्याला पाहुणे मिळतात, पाहुण्यांमुळे अभिप्राय, आणि अभिप्रायांमुळे पुन्हा वरचीच जागा.

या यादीत जातीचा दुजाभाव शिरतो का, असं विचारलं की ‘यादी लावणारं आमचं यंत्र जात बघत नाही’ हा ॲपवाल्यांचा बचाव असतो; तो मला पटत नाही. कोकणात पत्त्यातच वाडी असते: तेलीवाडी, कुंभारवाडी, बौद्धवाडी. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला खरा. पण नाव बदललं तरी आडनाव आणि नकाशावरचा ठिपका राहतोच. पाहुण्यांनी टाळलेली घरं यंत्र लक्षात ठेवतं आणि माणसांचा दुजाभाव गुणांत उतरतो. त्यामुळे जातीचा रकाना पुसून भागत नाही. कुठल्या वस्तीच्या वाट्याला किती लक्ष आलं, हे मोजावंच लागतं. त्यासाठीची माहिती मालकाच्या संमतीने घ्यावी, फक्त तपासणीला वापरावी, पाहुण्याला कधीही दाखवू नये.

मोजल्यावर करायचं काय? अशुदीप सिंग आणि थॉर्स्टन योआकिम्स या संगणकशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये एक मार्ग मांडला. यादी कायम एकच न ठेवता ती संभाव्यतेने बदलती ठेवायची. लक्षाची वाटणी योग्यतेच्या प्रमाणात व्हायला हवी. आपली दोन घरं निम्म्या-निम्म्या वेळा वर आली, तर प्रत्येकाला सरासरी ०.८१५ मिळतं. पाहुण्याचं जवळपास काहीच बिघडत नाही.

अडचण उरते ती नव्या घराची. अभिप्राय नाहीत म्हणून गुण नाहीत, गुण नाहीत म्हणून कोणी बघत नाही. अशा घरांसाठी वरच्या काही जागा मुद्दाम मोकळ्या ठेवाव्या लागतात, म्हणजे त्यांची खरी पारख तरी होते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्यांचा क्रम मुख्यतः कशावर ठरतो, हे बाजारमंचांनी, म्हणजे विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देणाऱ्या ॲप-संकेतस्थळांनी, सोप्या भाषेत जाहीर करायचं आहे. वेळणेश्वरच्या घरमालकांनी ते मराठीत मागावं.