'इन टेन मिनिट्स' म्हणावं की 'विदिन टेन मिनिट्स'?

लातूर-नांदेडकडं फोनवर कुणी "दहा मिनिटांत येलालो" म्हणालं, की ऐकणारा दोन्ही अर्थ धरून चालतो. दहा मिनिटांनी येईल, नाहीतर त्याच्या आधीही. आपसात यानं काही बिघडत नाही. पण वाळूजच्या कंपनीत मुलाखत असते, किंवा अजिंठ्याला परदेशी पाहुणे सोबत असतात, तेव्हा हेच इंग्रजीत सांगताना 'इन' आणि 'विदिन' यांची गल्लत होते.

'आय विल बी देअर इन टेन मिनिट्स' म्हणजे आत्तापासून दहा मिनिटांनी. आत्ता दहा वाजले असतील, तर साधारण दहा वाजून दहा मिनिटांनी. 'विदिन टेन मिनिट्स' ही मुदत आहे. दहा वाजून दोन मिनिटांनी पोचलात तरी शब्द पाळला, दहा-दहाच्या पुढं गेलात की मोडला.

अजिंठ्याला आपल्या गाड्या फर्दापूरच्या टी-जंक्शनवर थांबतात आणि तिथून लेण्यांपर्यंत बसनं जावं लागतं. तिथं गाइडनं 'द बस लीव्हज इन टेन मिनिट्स' म्हटलं, तर पाहुणा निवांत चहा घेईल. 'विदिन टेन मिनिट्स' म्हटलं, तर बस कोणत्याही क्षणी हलेल असं समजून तो दारातच उभा राहील. एका शब्दानं माणसाचा चहा जातो, उलट चुकलं तर बस जाते. म्हणून मला हा फरक किरकोळ वाटत नाही.

'आफ्टर'चं प्रकरण वेगळं. 'दहा मिनिटांनी फोन करतो' याचं आपण सरळ 'आय विल कॉल यू आफ्टर टेन मिनिट्स' करतो. भारतात ते सगळ्यांना कळतं, त्यामुळं कुणाला त्यावरून टोकायचं काही कारण नाही. पण आत्तापासून पुढं मोजायचं असेल, तर इंग्रज किंवा अमेरिकन माणूस 'इन'च म्हणतो. 'आफ्टर' शोभतो तो घडून गेलेल्या गोष्टीत: 'आफ्टर टेन मिनिट्स, द बस केम.' मुलाखतीत आणि ईमेलमध्ये तरी 'इन'ची सवय लावा.

'इन'ला मात्र दुसराही अर्थ आहे, तो म्हणजे कामाला लागलेला वेळ. 'आय फिनिश्ड द पेपर इन टेन मिनिट्स' म्हणजे पेपर दहा मिनिटांत उरकला. आता 'आय विल राइट द लेटर इन टेन मिनिट्स' घ्या. दहा मिनिटांनी लिहायला बसणार, की दहा मिनिटांत लिहून होणार? इथं इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही दोन्ही अर्थ लागतात. अशा वेळी 'इट विल टेक मी टेन मिनिट्स' असं मोकळं सांगावं.

'फॉर अ व्हाइल' आणि 'इन अ व्हाइल' यांत आपली मराठीच मदतीला येते. 'थोडा वेळ थांबा' यात वेळेला प्रत्यय नाही, तिथं 'फॉर'. 'थोड्या वेळानं येतो' यात प्रत्यय आहे, तिथं 'इन'. बोलण्याआधी मनातलं मराठी वाक्य एकदा तपासलं, की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. फक्त 'आय हॅवन्ट सीन हिम इन अ व्हाइल' इथं 'इन अ व्हाइल' म्हणजे 'थोड्या वेळानं' नव्हे. त्याचा अर्थ बऱ्याच दिवसांत तो दिसला नाही.

'मोमेंटरिली' हा शब्द मी टाळायलाच सांगेन. अमेरिकेत 'वी विल बी लँडिंग मोमेंटरिली' म्हणजे विमान लवकरच उतरेल. ब्रिटिश वळणानं त्याचा अर्थ क्षणभर असा होतो, म्हणजे उतरून लगेच पुन्हा उडणार! त्याऐवजी रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेतून ओळखीचा झालेला 'शॉर्टली' वापरा. त्यात घोळ नाही.

राहिला 'अ फ्यू मिनिट्स'. मराठीत 'अ'सारखं काही नसल्यानं तो बोलताना गळतो, आणि अर्थच फिरतो. 'वी हॅव अ फ्यू मिनिट्स' म्हणजे थोडा वेळ आहे, बसा. 'वी हॅव फ्यू मिनिट्स' म्हणजे वेळ जवळजवळ नाहीच. पाहुण्याला चहाला थांबवायचं असेल, तर तो 'अ' नीट ऐकू जाईल असा उच्चारा.